पालथा साचा

मंगळवार, १२ मार्च

प्रिय उंटोबा,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी ठणठणीत आहोत. तूही तसाच आहेस असं तुझ्या मुलाखतींवरून वाटतं. खरं काय ते तुला माहीत, आणि थोडंफार मला. त्याबद्दल पुढे लिहिते.

आई रोज तुझ्या नावाचे बूट घालून बागेत फिरायला जाते. परवा बाकावरच्या एका बाईनं विचारलं, "अहो, तुमचा एक बूट आखूड कसा? उंदरानं कुरतडला का?" आई म्हणाली, "माझ्या लेकाची फॅशन आहे ती, तुम्हाला नाही कळायची." दोघी आता बोलत नाहीत.

नवा माल आला की दुकानापुढची रांग पार कोपऱ्यापर्यंत जाते. पोरांच्या पँटचा उजवा पाय पोटरीपर्यंत दुमडलेला, डावा खाली, म्हणजे तो आखूड काठ सगळ्यांना दिसावा. ज्यांना तुझे बूट परवडत नाहीत ती पोरं साध्या बुटाचा उजवा काठ कात्रीनं कापतात. जन्मात कधी बास्केटबॉल हातात न धरलेलीसुद्धा तुझ्यासारखी झुलत चालतात. त्यांचे फोटो आमच्या बुटांच्या कंपनीत भिंतीवर लावलेत.

तू तीन आठवडे फोन करतोयस आणि मी उचलत नाही. कामात होते असं लिहिणार होते, पण ती थाप झाली असती. तुझा आवाज ऐकून हे माझ्या तोंडून निघालं नसतं, म्हणून लिहितेय.

शाळेत तुझा उजवा घोटा मुरगळला, तेव्हापासून तो कच्चाच. म्हणून तुझ्या पहिल्या मोठ्या सामन्यासाठी मी स्वतः बूट शिवायला घेतले. उजव्याचा काठ उंच, घोट्याला आधार म्हणून, डाव्याचा बेताचा. पुठ्ठ्याचे साचे चामड्यावर ठेवून आखलं, कापलं, शिवलं. बूट तयार झाले आणि बघते तर काय, उंच काठ डाव्या पायात! दोन्ही साचे मी पालथे ठेवले होते. आमच्या कामात साचा पालथा पडला की उजव्याचा डावा होतो. नवी शिकाऊ मुलगीसुद्धा त्यावर खूण करून ठेवते. मी नऊ वर्षं काम केलेली, मला कशाला खूण लागतेय!

चामडं संपलं होतं आणि सामना दुसऱ्या दिवशी. तू विचारलंस, "ताई, उंच बाजू उजवीकडे हवी होती ना?" मी म्हणाले, "अरे, डावा घट्ट धरला की उजवा मोकळा पळतो. नवी पद्धत आहे." कुठली पद्धत नि कसलं काय! पण तू मान डोलावलीस. ताईनं सांगितलं म्हणजे विषय संपला. तू जिंकलास आणि टीव्हीवर साऱ्या जगाला सांगितलंस की ही माझ्या ताईची अक्कल. कंपनीनं तो बूट तुझ्या नावानं काढला, मला नमुन्यांच्या खोलीत मोठ्या टेबलावर बसवलं. लोक माझ्या चुकीला टाळ्या वाजवत होते, आणि मला त्या आवडत होत्या रे.

सामन्यात वापरलेले तुझे बूट तपासायला माझ्याकडेच येतात. गेल्या तीन जोड्यांत उजवा तळ बाहेरच्या कडेनं पार झिजलाय, टाचेपासून करंगळीपर्यंत. डावा जवळजवळ कोरा. आत चिकटपट्टीचा डिंक एवढा की माझी बोटं चिकटली. तू घोटा बांधून खेळतोयस. डॉक्टरांना सांगितलं नाहीस, आईला तर नाहीच. मुलाखतीत दात काढून "एकदम फिट" म्हणतोस. ते बूट समोर ठेवून मला म्हण बघू.

शुक्रवारी तुझ्यापुढे नवा नमुना येईल. पोरांना हवंय म्हणून उजवा काठ आणखी दोन बोटं खाली आणलाय. तो साचासुद्धा मीच कापला. तू सही केलीस की वर्षभर तोच घालून खेळायचं, आणि तो घोटा वर्षभर टिकणार नाही.

काल मोठ्या साहेबांना सगळं सांगून टाकलं. ते हसले. म्हणाले, "बाई, चूक असेना का, खपतेय ना? बाहेर बोलू नका." आता सगळं तुझ्या सहीवर आहे.

सही करू नकोस. उद्याच्या उद्या डॉक्टरांना घोटा दाखव. कुणी विचारलं तर खुशाल सांग, बहिणीनं साचा पालथा ठेवला होता. लोक हसतील, माझं टेबल जाईल. जाऊ दे, शिवणारे हात काही कुठे जात नाहीत. तू माझ्या कडेवर वाढलास आणि मी स्वतःचं नाक वर ठेवायला तुझा पाय पणाला लावला, याची मला फार लाज वाटते.

रागाव, शिव्या घाल, वर्षभर माझं तोंड बघू नकोस. पण तू आजवर माझा शब्द कधी खाली पडू दिला नाहीस, खोटा होता तोसुद्धा. हा खरा आहे, एवढा ऐक.

तुझी खोटारडी,
ताई