एका मसरचे चार रुमाल

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सुट्टी. हमरियाचा सगळा बाजार पालथा घातला. घड्याळं पाहिली. परवडतात ती घालण्यासारखी नाहीत, घालण्यासारखी आहेत ती... जाऊ दे. माझं-मेलिसाचं लग्न ११ जानेवारीला वसईत. चर्चमध्ये माझ्या बाजूने उभे राहणारे तीन. बेस्टमन वसईचाच सायमनदादा, मग प्रकाश (दोघं इथे ओमानमध्ये माझ्याच खोलीतले, एसीच्या कामातले), आणि तिसरा मेलिसाचा भाऊ. तिघांना काहीतरी द्यायचंच. मेलिसा म्हणते, "महाग नको. पण वाटेत दिसलं म्हणून उचललं असंही वाटायला नको." कसं नेमकं सुचतं हिला! हा व्हॉइस मेसेज चार वेळा ऐकला. पाच.

९ नोव्हें.
रुवीतल्या ऑफिस-बिल्डिंगच्या गच्चीवर एसीचं युनिट बंद. मी अर्धा तास गॅसचा दाब मोजत, गेज लावून बसलेलो. सायमनदादा (सा.दा.) आला, पॅनेलवर हात ठेवून डोळे मिटले. "फॅनचं बेअरिंग. गॅसला हात लावू नको." बेअरिंगच निघालं. कॉलेजात दोन वर्षं हेच डोक्यावरून गेलं म्हणून सोडून आलो. या माणसाने पहिल्याच महिन्यात पाण्याच्या बाटलीला ओला रुमाल गुंडाळला, गच्चीवरच्या वाऱ्यात ठेवला, थोड्या वेळाने म्हणाला, "पी." गार! "झालं तुझं रेफ्रिजरेशन."
मेलिसाच्या डॅडींपुढे माझ्यासाठी बोलला तोही हाच. "पोरगा तापट आहे, पण खोटं बोलत नाही." त्यावर डॅडी हो म्हणाले. माझ्या मार्कशीटवर म्हणाले नसते.
अशा माणसाला काय देणार, कीचेन?

१४ नोव्हें., शुक्रवार
सापडलं!! गल्लीतला बांगलादेशी टेलर, करीमभाई. त्याच्याकडे ओमानी लोक डोक्याला बांधतात तो मसर. चौकोनी, फिकट निळा, चारी कोपऱ्यांना भरतकाम. मधे विणीत चूक, म्हणून स्वस्त. म्हटलं, चार तुकडे करा, प्रत्येकात एक कोपरा. कोटाच्या वरच्या खिशातले रुमाल. तिघांना तीन, चौथा माझा.
करीमभाई कात्री उघडून थांबला. "मसर काटेगा? ये सर पे रखने का चीज है."
"जिनको देना है वो भी सर पे रखने वाले लोग हैं."
हसला. मग काय कापलं! खडूची रेघ नाही, पट्टी नाही. कडा हाताने दुमडून देतो म्हणाला, मशीनने भरतकाम दबतं. विणीतली चूक ज्या तुकड्यात राहिली तो मी घेणार.
मेलिसा फोनवर किंचाळली, तिच्या ब्राइड्समेड्सचा रंग हाच. मी तिला न विचारता निवडला!

१७ नोव्हें.
रुमाल आणले. प्रकाशला राहवेना, त्याला त्याचा आत्ताच दिला. कुडाळचा माणूस, कपाळावर हात मारला. "मेल्या, रुमाल कोण दिता काय? रुमाल दिलो काय ताटातूट!" तोडगाही त्याचाच. घेणाऱ्याने एक नाणं द्यायचं, म्हणजे भेट राहत नाही, विकत घेतलं असं होतं. पंचवीस बैसाचं नाणं माझ्या हातावर आपटलं. "आता तो माझो. आता तुझ्या बापाक पण तुटूचा नाय."

२० नोव्हें.
काय बोलून बसलो.
सा.दा. सुरमई तळत होता. सहज म्हणाला, "जोएल, भेटी शोधत फिरतोयस ऐकलं. मला नको काही. तुझा खिसा मला माहीत आहे, त्यात मेलिसाला घे काहीतरी." प्रेमानेच म्हणाला. पण प्रकाश होता, बाजूच्या खोलीतले दोघे होते, आणि 'तुझा खिसा' ऐकून माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सात जणांचा बेस्टमन झालास. स्वतः कधी नवरा होणार ते बघ आधी."
दोन बहिणींची लग्नं करता करता याचं राहिलं, हे मला माहीत असून.
त्याने मधला मोठा तुकडा माझ्या ताटात वाढला आणि खाली निघून गेला.

२१ नोव्हें., शुक्रवार
उठलो तर त्याची बॅग नाही. पहाटेच्या गाडीने दुक्मला. तिथे काम निघालंय एवढं ऐकून होतो, तो जाणार हे नव्हतं. प्रकाशला विचारलं तर भडकला. "तुका म्हायत नाय? आपल्या तिघांका एकदम रजा गावत नव्हती. दुक्माक जाऊक कोण तयार नाय. दादान सांगितल्यान, सहा आठवडे मी जातंय, पण ह्याच्या लग्नाक तिघांका सोडा."
दुक्म. नुसती रेती, वारा आणि कॅम्प. माझ्यासाठी.
मेलिसाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रुमाल पाठव. सॉरी लिहू नकोस, तुझं सॉरीसुद्धा भांडल्यासारखं वाटतं."
हिच्याशी लग्न होतंय माझं. माझ्याशी!

२८ नोव्हें.
दुक्मला सामान नेणाऱ्या पिकअपच्या ड्रायव्हरकडे दिलं. पाण्याची बाटली, तिच्याभोवती रुमाल गुंडाळलेला. चिठ्ठी नाही. कळेल त्याला.

१२ डिसें.
काही नाही. फोन वाजतो, उचलत नाही. ग्रुपवर मात्र कामाच्या प्रश्नांना उत्तरं. नव्या पोराने काहीतरी बावळटासारखं विचारलं तर त्यालाही नीट, पायरी-पायरीने. मी असतो तर...

१९ डिसें.
ड्रायव्हर परत आला. सा.दा.ने पुडी दिलीय. पाइपला लावतो ती काळी टेप, तिचे वेढे काढत बसलो. आत पन्नास बैसाचं नाणं. बाकी काही नाही.
प्रकाश नाचायलाच लागला. "दादान इकत घेतल्यान रे! तुटूचा नाय म्हणान!"
मला मात्र... की हे 'घे तुझी किंमत, खलास'? मेलिसाला विचारलं, वसईतही मानतात ना हे रुमालाचं? म्हणाली, मानतात. पण सा.दा. मानतो का?

३ जाने.
परवा फ्लाइट. तिकिटं तिघांची. दुक्मचं काम आज संपायचं होतं. साहेबाला विचारलं, तो म्हणतो, "उद्या सुटेल, इन्शाल्ला." फोन लावला. वाजला.

४ जाने.
दुपारचे तीन. गाडी आलेली नाही.
सा.दा.चा काळा सूट इथेच, दाराच्या मागे. सात लग्नं पाहिलेला, तरी कुठे चमक गेलेली नाही, असा जपलाय. ओला कपडा टाकून इस्त्री केली, तो करतो तशी, आधी कॉलर, मग बाह्या. नाणं माझ्या कोटाच्या आतल्या खिशात. दोन्ही सूट माझ्या बॅगेत, त्याचा वर.
प्रकाश म्हणाला, "दादाच्या वरच्या खिशात कागद भर, नायतर चेपतलो."
नको म्हटलं. त्याच्या रुमालासाठी रिकामाच ठेवलाय.