मशीनला माझा हात कळतो

रविवार, २ जून. सकाळ.
मशीन बंद पडले. पूर्ण नव्हे. कपडे धुते, पाणी सोडते, पण पिळायची वेळ आली की 'टक' असा आवाज करून थांबते आणि झाकणाच्या चित्राचा दिवा लुकलुकतो. आईने दोन चापट्या मारून पाहिल्या. मी तिला शांतपणे सांगितले की हे मारण्याचे काम नाही, निदानाचे आहे. निदान : झाकणाचे लॉक. झाकण लागल्याची खबर लॉककडून आत पोहोचली नाही तर मशीन पिळत नाही. हे मी झोपेतही सांगेन. वायरमनचा कोर्स मी अर्ध्यावर सोडला हे खरे, पण स्विच हा विषय पहिल्या अर्ध्यातच होता.

दुपार.
चौकातल्या रिपेअरिंगच्या दुकानात जाऊन आलो. मालकांना सगळे काकाच म्हणतात. त्यांना एक माणूस हवा आहे हे मला केव्हाचे माहीत होते, फक्त योग्य वेळ येत नव्हती. काका म्हणाले, तोंडाने सगळेच मेकॅनिक असतात बाबा. घरचं मशीन स्वतः चालू करून दाखव. पुढच्या रविवारी येऊन बघतो. जमलं असेल तर सोमवारपासून कामाला ये.
मी म्हणालो, रविवार कशाला, परवाच या.
काका म्हणाले, रविवारीच येतो.
घरी सांगितले. आईने जेवताना न मागता परत वाढले. ताई हॉस्पिटलात नर्स आहे. घर तिच्या पगारावर चालते. हे ती कधी बोलून दाखवत नाही, म्हणून जास्त लागते. ती म्हणाली, आणि तोवर माझे युनिफॉर्म कोण पिळणार?
उद्या संध्याकाळपर्यंतचाच प्रश्न आहे, असे तिला सांगितले.

सोमवार, ३ जून.
आधी सुरक्षितता. मशीनचा प्लग काढला. तरी खात्री असावी म्हणून घराचा मेन स्विचही बंद केला. रबरी चपला घातल्या. मागचे सगळे स्क्रू काढून कागदावर ओळीने मांडले, प्रत्येकाखाली त्याची जागा सुवाच्य अक्षरात लिहिली. मग लक्षात आले की लॉक मागे नसते, वर असते. स्क्रू परत लावले. एक उरला. कंपनीने जास्तीचा दिला असावा.

संध्याकाळ.
मेन स्विच चालू करायचा राहून गेला होता. फ्रिजमधले दूध नासले. आईने मला मशीनला हात लावायला मनाई केलेली नाही. फ्रिजला केली आहे.

मंगळवार, ४ जून.
वरचे पॅनेल उचलले. लॉक सापडले. त्यातून तीन वायरी निघतात आणि बिजागरीला वळसा घालून आत जातात. मीटर लावला. तिन्हींवर 'पीं' वाजले. 'पीं' म्हणजे वायर सलग. वायरी निर्दोष. गुन्हेगार लॉकच. नवीन लॉक आणून बसवले. रिकामे मशीन लावून पाहिले. पिळले!!
काकांच्या दुकानावरून सहज दोन-तीनदा गेलो. शेवटी त्यांनीच विचारले, काय रे, काही हरवलंय का? तेव्हा सहज सांगितले.

संध्याकाळ.
कपडे भरल्यावर टक.
नीट विचार केला. रिकामे असताना चालते, कपडे घातले की थांबते. म्हणजे दोष मशीनमध्ये नाही, कपड्यांत आहे.

बुधवार, ५ जून.
नियम केले. स्वच्छ लिहून मशीनवर चिकटवले. टॉवेल बंद. चादरी बंद. जीन्स विचारून. ताईने सगळे वाचले आणि विचारले, रुमाल चालतील का साहेब, की तेही पिळून वाळवून मग आत टाकायचे?
आई म्हणाली, त्यापेक्षा वर फुलदाणी ठेवू या. बरी दिसेल.
संध्याकाळी ड्यूटीवरून आल्या आल्या ताई मोरीत बसून युनिफॉर्म पिळत होती. मी दुसरे टोक धरले. ती म्हणाली, मी सरळ मेकॅनिकला फोन करते. मी म्हणालो, मग रविवारी काकांना काय दाखवू? तिने तिच्या बाजूचा पीळ आवळला. मग म्हणाली, धर नीट, तुझ्याकडून सुटतंय.
गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांचे पाणी खालच्या काकूंच्या वाळलेल्या कपड्यांवर पडले. त्यांनी मान वर करून आमच्या सगळ्या खानदानाबद्दल मत दिले. आवाज चांगला आहे त्यांचा.

गुरुवार, ६ जून.
मोठा शोध!
मशीन पिळायला लागले तेव्हा मी काळजीपोटी त्याच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर हात ठेवला. थांबले नाही. हात काढला, टक. पुन्हा लावून हात ठेवला, चालू. आईने ठेवून पाहिला, टक. ताईने ठेवला, टक. निष्कर्ष एकच. मशीनला माझा हात कळतो.
आईला तसे सांगितले. आई म्हणाली, छान झालं. नोकरी लागली की हात तेवढा घरी ठेवून जात जा.
ताईचे म्हणणे निराळे. तिच्या इयरफोनचे असेच झाले होते म्हणे. वायर वरून धडधाकट, आतून तुटलेली. एका ठरावीक कोनात धरली की गाणे लागायचे. तिने विचारले, मीटर लावलास तेव्हा वायर हलवून बघितलीस का? मी सांगितले, मोजमाप स्थिर हाताने करायचे असते, हा पहिला धडा आहे. ती म्हणाली, पेशंट झोपेत खोकला नाही म्हणून आम्ही त्याला घरी नाही पाठवत.
माझ्याकडे उत्तर होते. पण तिची ड्यूटीची वेळ झाली होती.

शुक्रवार, ७ जून.
आज, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, वायर हलवून मोजली. बिजागरीजवळ वाकवली की पीं बंद. सोडली की पीं चालू. एक वायर आतून तुटलेली आहे. झाकण उघडताना दर वेळी ती तिथेच दुमडते. कपडे भरलेले मशीन हादरले की टोके सुटतात, कोपरा माझ्यासारखा दाबला की जुळतात. (माझ्या हाताचा मुद्दा यामुळे खोटा ठरत नाही.)
जेवताना सगळ्यांना समजावून सांगितले. आई म्हणाली, पण आपण झाकण असं कितीसं उघडतो?
ताई म्हणाली, आपण नाही उघडत.
मशीन लावल्यावर झाकण नीट बसले आहे ना, हे मी उघडून बघतो. बंद करतो आणि पुन्हा एकदा बघतो. याला खबरदारी म्हणतात.

शनिवार, ८ जून.
एक वायर तुटली म्हणजे उरलेल्या दोन्हीही त्याच वयाच्या. दूरदृष्टी म्हणून तिन्ही कापल्या आणि बिजागरीजवळचा भाग काढून फेकून दिला. मग लक्षात आले की तिन्ही पांढऱ्या आहेत. मी स्क्रूंवर नावे लिहिली होती. वायरींवर नाही.

दुपार.
कोणती कोणाला, हे प्रयोगाने ठरवत आहे. पहिल्या प्रयोगात मशीन मुके. दुसऱ्यात झाकण लॉक झाले. उत्तम लॉक झाले. उघडत नाही. आत ताईचे दोन्ही युनिफॉर्म.

संध्याकाळ.
ताई मैत्रिणीचा युनिफॉर्म मागून आणून ड्यूटीवर गेली. मैत्रीण अंगाने तिच्या दुप्पट आहे. पाठीला पिना लावताना आई हसू दाबत होती.  
ताई गेल्यावर झाकण उघडले, म्हणजे जोडणी जुळली. मशीन पिळलेही! वायरी जरा आखूड झाल्यामुळे ताणल्या जातात, पण ताणलेली वस्तू मजबूत असते. टेप सढळ हाताने गुंडाळला. आता कोपऱ्यावर हात ठेवायलाच पाहिजे असे नाही.
ठेवलेला बरा.

रविवार, ९ जून.
काका आले. मी मशीन गच्च भरले, लावले आणि मित्राच्या खांद्यावर ठेवावा तसा कोपऱ्यावर हात ठेवून उभा राहिलो. सुरेख पिळू लागले. काका म्हणाले, वा रे पठ्ठ्या! आईचा चेहरा असा झालेला मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.
मग काका म्हणाले, जरा पाणी आण बघू.
मी आईकडे पाहिले. आईने ताईकडे पाहिले. ताई उठली आणि मुकाट्याने पाणी घेऊन आली. काका प्यायले. म्हणाले, तुझा मीटर दाखव. ताईने तोही आणला. काका म्हणाले, अरे, सगळं ही आणते, तू का तिथे खिळा ठोकल्यासारखा उभा? ताई म्हणाली, काका, त्याच्या पायात गोळा आलाय.
काका म्हणाले, पायाचं राहू दे. हात सोड.
सोडला.
टक.
काकांनी पॅनेल उचलले. टेपचा गोळा बघून ताईला म्हणाले, हे बँडेज तुझ्याकडून शिकला का? ताई म्हणाली, आमच्याकडे असं बांधलं तर पेशंट पळून जातो. दोघेही हसले. आई हसली नाही. तिने विचारले, म्हणजे नाहीच का जमणार त्याला?
काका मशीनवर चिकटवलेले नियम वाचत होते. सगळे वाचले. मग मागे वळून म्हणाले, अक्षर तुझं? एक चूक नाही रे यात! आमची पोरं तक्रार लिहून घेतात ती त्यांची त्यांनाच वाचता येत नाही. परवा फ्रिज दुरुस्तीला माणूस पाठवला, तिथे निघाला पंखा. उद्यापासून काउंटरला बस. फोन घ्यायचा, लिहायचं. मात्र दुकानातली एकही वस्तू उघडायची नाही. कबूल?
कबूल म्हणालो. आई आत निघून गेली. डोळ्यांत काहीतरी गेले असे म्हणाली.
थोडक्यात, मला थेट ऑफिसात घेतले. इतर मेकॅनिकांना तिथवर पोहोचायला वर्षे लागतात.

सोमवार, १० जून.
कामाचा पहिला दिवस. काउंटर, फोन, पेन. खुर्ची फिरती आहे. काकांनी शिकवले : नाव, पत्ता, काय बिघडलं ते. आणि शेवटी प्रत्येकाला न चुकता विचारायचे, याआधी घरच्या कोणी उघडलं होतं का? कारण मूळ बिघाडापेक्षा घरच्यांनी केलेला निस्तरायला जास्त वेळ लागतो. मी म्हणालो, बरोबर आहे, लोक वाटेल ते करून ठेवतात.
लगेच पहिला फोन आला. वॉशिंग मशीन. कपडे पिळत नाही. झाकणाचा दिवा लुकलुकतो. सगळे स्वच्छ लिहून घेतले. पत्ता विचारावा लागला नाही. मग नियमाप्रमाणे शेवटचा प्रश्न विचारला.
आई म्हणाली, हो, उघडलं होतं. पण तो आता कामाला लागलाय. संध्याकाळी घरी यायच्या आत तेवढा माणूस पाठवा.