शेवटचा हात

अपघाताचं कळल्यापासून मी फोन केला की तुम्ही तो धाकट्याच्या हाती देता आणि उठून जाता. म्हणून हे वेडंवाकडं लिहायला बसले. आता नमस्कार घ्या.

थोरल्याच्या जिवाला धोका नाही. उजवा डोळा मात्र गेला, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. सूनबाई दोन घास खाते. नात शाळेत जाते. तुमची औषधं चालू आहेत ना?

कसं झालं ते ऐका. लेसरचा झोत वळवायला याच्या कारखान्यात तांब्याचे आरसे असतात. हिऱ्याच्या टोकाने तासल्यावर ते घासायचे नाहीत, असा नियम. याला एक आरसा मंद वाटला, म्हणून याने पावडर लावून तो लखलखीत केला. तांबं मऊ, पावडरीचे कण आत रुतले. झोत पडताच तेच तापले, तिथलं तांबं उडालं आणि त्याचा कण डोळ्यात गेला. चष्मा कपाळावर होता शहाण्याचा.

साहेब म्हणाले, "घासलास कशाला?" हा म्हणाला, "शेवटचा हात फिरवल्याशिवाय वस्तू सोडायची नाही, असं बाबांनी शिकवलंय."

तुमच्या भांड्यांच्या दुकानात ते बरोबरच होतं. पण आता हा भिंतीकडे तोंड करून पडतो. मला म्हणतो, "बाबांना कारण सांगू नकोस, मनाला लावून घेतील." मी सांगितलं. घ्या लावून.

पण त्याला चार ओळी लिहा, मोठ्या अक्षरात. धाकट्याने लिहिलेलं चालणार नाही. तुम्हीच लिहायचं.

तुमची,
थोरल्याची आई