चालू नळ

तीर्थरूप बाबा,

अर्धांगवायूनंतर तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून तर लिहायचा धीर होतोय.

दूध प्यालो की मी पोट धरून बसायचो आणि तुम्ही मला नाटक्या म्हणायचात. जुन्या डॉक्टरांनी पोट नाजूक आहे म्हणून दूध वाढवलं. पुढचे म्हणाले, मनाचे खेळ. परवा नव्या डॉक्टरीणबाईंनी नळीत फुंकायला लावलं. म्हणाल्या, दुधातली साखर पचत नाही. जगातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांना पचत नाही. हे म्हणे माझ्या जन्माआधीपासून पुस्तकात आहे. आपले डॉक्टर कुठली पुस्तकं वाचत होते, कोण जाणे. मग बाईंनी विचारलं, घरात आणखी कोणाला?

तेव्हा मला नळ आठवला. आमच्यासमोर पेला एका दमात रिकामा करून तुम्ही बाथरूममध्ये जायचात आणि नळ सोडून ठेवायचात.

आईला सांगून पाहिलं. "यांना? जन्मभर दूध पचवलंय यांनी," म्हणाली आणि चमच्याने पाजत राहिली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि पुन्हा तोंड उघडलंत.

आता बाथरूममध्ये तुम्हाला मीच धरून नेतो. आधी नळ सोडतो.

तुमचा,
नाटक्या