गोधडीवरचा खिसा

ती. आईस,
वाकून नमस्कार.

मी बरा आहे. दोन्ही वेळ जेवतो. बाबांचा गुडघा कसा आहे? अजून चिडलेत का माझ्यावर?

तू विचारलं होतंस, "गोधडी पांघरतोस ना?" मी हो लिहिलं. खोटं लिहिलं गं. ज्या मुलीपायी कॉलेज अर्धवट टाकलं, तुझ्या तोंडावर दार आपटून निघालो, तिलाच गोधडी देऊन टाकली. ती कापडात चित्रं करते. इथल्या गोधड्यांच्या प्रदर्शनात तिनं तुझी गोधडी स्वतःच्या नावानं लावली. भिंतीत खिळे मीच ठोकले आणि मूग गिळून बसलो.

काल परीक्षक बाई आल्या. बाबांच्या सदऱ्याचा खिसा तू मधोमध तसाच ठेवलायस ना, त्यात बोट घालून त्यांनी तिला विचारलं, "हा वरून का नाही शिवला?"

तिला सांगता येईना. माझ्याच तोंडून निघालं, "तापात कडू औषध घेतलं, की आई त्यात लिमलेटची गोळी ठेवायची."

"कुणाची आई?"

"माझी."

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मीही भांडलो नाही, बघ! आणि तू मला फटाका म्हणतेस. बाईंनी गोधडीखालची पाटी बदलायला लावली, आता तिच्यावर तुझं नाव आहे. लोक थांबून वाचतात. पण तू नाव कुठे मागितलं होतंस? नुसतं "पांघर" म्हणाली होतीस.

रविवारी प्रदर्शन संपतंय. गोधडी पार्सलनं पाठवू, की घेऊन येऊ? बाबांना विचारू नकोस, तूच सांग.

तुझाच,
फटाका