परवाना रोहीचा होता

फैजपूर, ८ जानेवारी २०२४

ती. प्रेमराजभाऊस, मेघाचा सा. न. वि. वि.

फोनवर तू हूं हूं करून ठेवून देतोस, म्हणून हा कागद. डोंगराकडच्या शेतात रोह्यांचा कळप शिरतो आणि सकाळी हरभऱ्याचे नुसते खुंट उरतात. वनखात्याने त्यांना मारायचा परवाना दिला, त्यात बंदूकवाला म्हणून तुझं नाव आहे. आणि तू अडून बसलास कशावर, तर कागदावर ‘नीलगाय’ लिहिलंय म्हणून! दिपमालावहिनीही म्हणे, गाय शे ती, पाप लागी. अरे, नावात गाय आहे म्हणून का ती दूध देणार आहे? ती हरणाचीच भाऊबंद. भरताची वांगी तोडून ठेवते, ये.

बहिणीवर लोभ असेल तर तो बंदुकीसह यावा.

तुझी,
मेघा

सोनगीर, २ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. मेघास, अनेक आशीर्वाद.

बंदुकीबरोबर मोबाइलही जमा झाला, म्हणून पत्र. जामीन मिळाला, घरी आहे.

मेलेलं जनावर वनरक्षकाला दाखवायचं ही परवान्याची अट, म्हणून मीच त्याला बोलावलं. बघताक्षणी तो म्हणाला की ही रोही नाही, सांबराची मादी आहे. सांबराला परवाना नसतो, थेट गुन्हाच. हरणाचीच भाऊबंद, हे तुझं म्हणणं डोक्यात घोळत होतं. दिवस मावळताना शिंगं नसलेलं तपकिरी जनावर दिसलं आणि चाप ओढला. रोहीची मादीही तशीच दिसते.

शेतात मी एकटाच होतो, असा जबाब दिला आहे. तू घरीच होतीस, एवढं मेहुण्यांना, ललितरावांना सांगून ठेव; चौकशी झाली तर तेही तेच सांगतील. वकील म्हणतो, तुरुंग होऊ शकतो. झालाच तर वहिनीकडे येत जा.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.

प्रेमराजभाऊ

फैजपूर, ९ फेब्रुवारी २०२४

ती. भाऊस, मेघाचा सा. न.

तू मला एका शब्दानेही बोलला नाहीस, तेच जास्त लागलं. शेतातल्या राखणीच्या माळ्यावर मी तुझ्या शेजारीच बसले होते. रोहीच ना, असं तू मला विचारलंस. लग्न झाल्यापासून या डोंगरपायथ्याशी राहतेय, सांबराचे ते रुंद कान मी ओळखणार नाही का? ओळखले होते, भाऊ. पण तेही माझाच हरभरा खात होतं. डोक्यात राख घालून बसले होते मी. म्हणाले, रोहीच आहे, मार.

हे मी यांना सांगितलं. त्यांचं म्हणणं, भाऊ वाचवतोय तर गप्प राहा. तुझं पत्र आल्यापासून गप्प राहिले, त्याची लाज वाटते. उद्या वनखात्याच्या कचेरीत जाऊन खरा जबाब देणार आहे. हा कागद तुझ्या हाती पडेल तोवर तो देऊन झालेला असेल, म्हणजे तुला मला अडवता येणार नाही.

लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही.

मेघा