भेट की वाट

४ नोव्हेंबर
ग्रंथपालबाईंनी अखेर पुस्तक दिलं! वर तंबी — "पाळकसाहेब, पान दुमडलंत तर पुन्हा दारात उभं करणार नाही." पवित्र शास्त्राच्या मूळ भाषेवरचं सहाशे पानी पुस्तक. रविवारचा उपदेश लिहायचा सोडून त्यातच डोकं घालून बसलो.

५ नोव्हेंबर
पान दोनशे बारा. दफनाच्या वेळी मी वाचतो ती ओळ — 'आपली पुन्हा भेट होईल.' लेखक म्हणतो, मूळ शब्दात भेट नाहीच. आहे ते एवढंच — 'मी तुझी वाट पाहीन.' भेटीची हमी भाषांतर करणाऱ्याच्या पदरची.
चार वेळा वाचलं. जेवण गेलं नाही.

६ नोव्हेंबर
काही लिहवत नाही.

८ नोव्हेंबर
तीस वर्षं ती ओळ वाचली. तीन वर्षांपूर्वी हिच्या कबरीपाशीही. आवाज कापला नाही, कारण पक्कं ठाऊक होतं — भेटणार. तेव्हापासून एकेक दिवस त्या हमीवर ढकलला. पलंगाची तिची बाजू अजून रिकामी ठेवतो. स्वयंपाकघरात भांडं वाजलं की मान वळते.
लेकीला फोन केला. म्हणाली, "बाबा, एका शब्दासाठी जीव कशाला टांगणीला लावता? आईला कुठे ती भाषा येत होती?"
खरं आहे. मला तरी शब्द कुठे हवाय? ती हवीय.

११ नोव्हेंबर
सुताराची बायको गेली. दफनाला ती ओळ आली आणि मी अडखळलो. मग वाचलं — "मी तुझी वाट पाहीन." कुणाच्या लक्षात आलं नाही. सुताराच्या आलं. माती लोटून झाल्यावर त्याने मला फाटकाशी गाठलं.
"भेटेल ना हो ती?"
'हो' जिभेवर होतं. "ठाऊक नाही," म्हणालो. "मीही वाटच पाहतोय."
तो हाताची माती झाडत राहिला. मग म्हणाला, "मग संध्याकाळी या की घराकडे. दोघं मिळून पाहू."
गेलो. तिच्यासाठी करायला घेतलेलं फडताळ अर्धवट होतं. तो फळीवर रंधा मारत होता, मी दुसरं टोक धरलं. घरी परतताना रिकाम्या खोल्यांची धास्ती वाटली नाही.

१४ नोव्हेंबर
पुस्तक परत केलं. बाईंनी पानन् पान तपासलं. "कसं वाटलं?"
"जड."
"वजनाला?"
"तेही."

१६ नोव्हेंबर
बिशपांना पत्र टाकलं. जी हमी मलाच नाही, ती इतरांना देववत नाही. उपदेशाला यापुढे दुसरं कुणी उभं राहील. मी खाली बाकावर, सुताराशेजारी.